घरातलं तिसरं माणूस

"घरात मोठी माणसं किती?" मी विचारलं.

"तीन," मालसुनकाकू म्हणाल्या.

उंबऱ्याशी चपलांचे जोड दोनच होते. एक बाईचा, आणि एक पुरुषाचा, कित्येक दिवस पाय न लागलेला. "तिसरं कोण?"

"ती इथे नसते," काकूंनी चुलीवरच्या पातेल्यात डाव फिरवला. समुद्री शेवाळाच्या साराचा वास दारातच आला होता, म्हणजे आज कुणाचा तरी वाढदिवस असणार. "आज तिचाच वाढदिवस. उत्तरेतल्या बुकचोंगवालीचा. ह्यांची पहिली बायको."

आता आली का पंचाईत. संध्याकाळपर्यंत मला सर्वेक्षणाची आठ घरं उरकायची होती. आमचा नियम असा, की घरातल्या ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला असेल, प्रश्न त्यालाच विचारायचे. नाहीतर प्रत्येक घरातला पुरुष खाकरून पुढे येतो आणि बायका नुसत्या चहा आणून ठेवतात. नियम चांगला आहे. पण ज्या बाईला पन्नास सालच्या लढाईत उत्तरेत, सरहद्दीपलीकडे सोडून नवरा बोटीवर चढला, तिला तो लागू करायची वेळ माझ्यावर तोवर आली नव्हती.

"मग पाळी तिचीच की," आतल्या खोलीतून आवाज आला. गिलकाका अंथरुणावर उशीला टेकून बसले होते. पोटाच्या दुखण्यानं पार वाळले होते, पण ऐकू सगळं यायचं. "नियम म्हणजे नियम. लिहा तिचं नाव."

"अहो काका, तिला विचारायचं कसं?"

"तेच म्हणतो मी. आधी तिकडे जायची सोय करा, मग करा सर्वेक्षण."

मला हसू आलं. काकूंना आलं नाही, त्यांनी ते बऱ्याचदा ऐकलं असावं. महिन्याहून जास्त बाहेर असलेलं माणूस आम्ही धरत नाही, असं मी समजावून सांगितलं आणि उरलेल्या दोघांचे वाढदिवस विचारले. काकांचा ऐन थंडीतला. काकूंचा कधी ते काकांना आठवेना. "उन्हाळ्यात असतो केव्हातरी," ते म्हणाले.

"भातलावणीच्या दिवसांत," काकू पातेल्याकडे बघत म्हणाल्या. म्हणजे पाळी त्यांची होती.

मी फॉर्म काढला. "दोन्ही देश पुन्हा एक व्हावेत असं तुम्हाला वाटतं का? खूप वाटतं, थोडं वाटतं, सांगता येत नाही, फारसं वाटत नाही, अजिबात वाटत नाही?"

"खूप वाटतं," काकू मोठ्यानं म्हणाल्या. शेजारणीला हाक मारावी इतक्या मोठ्यानं.

"ऐकलंत?" काका खूश झाले. "यांगयांगची आहे ती, इथलीच. तिचं कुणी तिकडे नाही. तरी बघा."

काकूंनी साराची वाटी आणि भात त्यांच्यापुढे ठेवला. चमचा हातात घेऊन काका मला म्हणाले, "तुम्ही एवढी घरं फिरता. तरुण पोरं काय म्हणतात हो?"

इथे मी खोटं बोलायला हवं होतं. पण माझी जीभ म्हणजे घसरगुंडी. "काय म्हणणार काका? माझाच मुलगा लष्करात दोन वर्षं काढून आला. म्हणतो, आपलं आपण सांभाळावं, त्यांचं त्यांनी. गरज काय? कालपासून अकरा घरं केली, तिशीच्या आतला एकजण 'खूप वाटतं' म्हणाला असेल तर शपथ."

काकांनी चमचा खाली ठेवला. वाटी दूर सारली. "मग ती यायची कशी?" ते म्हणाले. ते मला विचारत नव्हते. भिंतीकडे बघून बोलत होते, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी जाईन आणायला," काकू म्हणाल्या. "तुम्ही जेवा आधी."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग वाटी पुन्हा जवळ ओढली आणि हळूहळू जेवायला लागले.

उरलेले प्रश्न उजेडात करू म्हणून काकूंनी मला मागच्या अंगणात नेलं. दोरीवर चिरलेले मासे वाळत होते. त्यांनी दार ओढून घेतलं आणि एकदम म्हणाल्या, "ती मेलीय."

"कोण?"

"बुकचोंगवाली. ह्यांनी तिच्या भेटीसाठी सरकारकडे नाव नोंदवलं होतं ना, त्याचं उत्तर ऑगस्टमध्ये आलं. हे इस्पितळात होते. मीच सही केली, मीच वाचलं. एक्कावन्नच्या जानेवारीत गेली. हे डिसेंबरात बोटीवर चढले, दहा दिवसांत येतो सांगून. महिनासुद्धा झाला नव्हता हो." त्यांनी एक मासा उलटा केला. "बावीस-तेवीस वर्षांची पोर. माझी नात तेवढी आहे, तिला अजून अंडं उकडता येत नाही. आणि असल्या पोरीला मी शेहेचाळीस वर्षं भ्याले."

त्या बोलत राहिल्या. खालच्या आवाजात, पण भराभर.

"थोरला झाला तेव्हा ह्यांनी त्याला उचललं आणि म्हणाले, तिला आवडेल हा. मी बाळंतिणीच्या अंथरुणावर. तीन वर्षांपूर्वी दोन्हीकडच्या नेत्यांनी विमानतळावर हात मिळवले, आठवतं? अख्खी वस्ती टीव्हीपुढे रडली. मीही रडले. सगळ्यांना वाटलं आनंदानं रडतेय. मी म्हणत होते, झालं, आता ती येणार आणि मालसुन, तू आपलं बोचकं बांध. कागदावर बायको म्हणून तिचंच नाव आहे ना. इकडे आल्यावर नोंदणी झाली तेव्हा ह्यांनी घातलं, येईल तेव्हा अडचण नको म्हणून. ते नाव निघाल्याशिवाय माझं चढत नाही."

"मग आता निघेल की," मी म्हणाले. "उत्तर दाखवा कचेरीत."

"अर्ज ह्यांनी करायला हवा. म्हणजे ह्यांना सांगायला हवं."

"मग सांगा. काकू, सांगाच." मला राग आला होता. कुणाचा ते कळत नव्हतं. काकांचा असावा, किंवा त्या पोरीचा, जी बिचारी मरून गेली होती. "डॉक्टर काय म्हणाले?"

"नवीन वर्षापर्यंत."

"बघा, म्हणजे वेळ किती कमी आहे. उद्या हे गेले तर मांडीवर पोरं वाढवून, औषधं पाजून तुम्ही त्यांच्या कोण?"

"काल सांगणारच होते," काकू म्हणाल्या. "पाय चेपत होते. तोंड उघडलं, तेवढ्यात हेच म्हणाले, उद्या सारात मांस जरा जास्त घाल, तिला पंच्याहत्तरावं लागतंय. म्हणाले, तिच्या घराण्यात सगळ्यांचे गुडघे लवकर जातात, तिला बसायला-उठायला त्रास होत असेल." त्यांनी माशांवरची माशी हाकलली. "माझ्याबरोबरीनं तिला म्हातारी करत आणलीय ह्या माणसानं. आता मी सांगू का, की ती म्हातारी झालीच नाही?"

आतून काकांचा खोकला ऐकू आला. काकूंनी कान दिला, खोकला थांबला तशा माझ्याकडे वळल्या.

"त्या पहिल्या प्रश्नाचं काय करू?" मी विचारलं. "खरं काय वाटतं ते लिहायचं असतं."

"पूर्वी विचारलं असतंत तर अजिबात नको म्हणाले असते. आता तिकडून यायला कुणी राहिलंच नाही, मी कशाला नको म्हणू? ह्यांनी ऐकलं तेच लिहा."

मी 'खूप वाटतं'वर खूण केली. शेवटचं पान उरलं होतं, वय, शिक्षण वगैरे. ते आम्ही भराभर केलं. मग कुटुंबप्रमुखाशी नातं, ही ओळ आली. मी विचारलंच नाही. पेन टेकवलं.

"काय लिहिताय?"

"पत्नी. काकू, हा कचेरीचा कागद नाही. इथे कुणी दाखला मागत नाही. तुम्ही सांगाल ते नातं."

त्यांनी कमरेला बांधलेला फडका सोडून हात पुसले आणि फॉर्म माझ्याकडून घेतला. डोळ्यांपासून लांब धरून ती ओळ बघत राहिल्या. माशांवर माश्या बसायला लागल्या तरी त्यांनी हाकलल्या नाहीत.

"हे कोण वाचतं?"

"सोलमध्ये कुणीतरी आकडे मोजतं. नाव कुणी बघत नाही."

"नको," त्या म्हणाल्या आणि फॉर्म परत दिला. "ते आहेत तोवर नको. 'सोबत राहणारी' लिहा. सगळ्या कागदांवर तेच आहे."

मी तेच लिहिलं. कधी नव्हे ते अक्षर नीट काढलं.

"एकदा वाचून दाखवा," काकू म्हणाल्या. "हळू."

मी ती ओळ हळू वाचून दाखवली: सोबत राहणारी.