निळ्या बॅगेचा सावकाश प्रवास

मित्रांनो, मी एक जुनी निळी बॅग आहे. माझ्या अंगावर विमानतळांच्या चिठ्ठ्यांचे इतके चिकट डाग आहेत, की मला पाहून लोक म्हणत, "हिनं सगळं जग पाहिलं असेल!" खरं सांगू? तेव्हा मी जग मुळीच पाहिलं नव्हतं.

एका कारखान्यात, तापलेल्या साच्यातून माझं अंग निघालं. तिथल्या एका बाईनं माझी चेन पुन्हापुन्हा उघडून-मिटून पाहिली आणि "जा बाई, सुखानं फीर," असं म्हणून मला खोक्यात घातलं. मला विकत घेणारी माझी मालकीण दातांच्या दवाखान्यांत खुर्च्या बसवून देई. आज या शहरात, तर उद्या त्या. माझ्या पोटात तिचे पाने, स्क्रूड्रायव्हर आणि दोन जोडी कपडे असत. विमानाच्या पोटातला अंधार, सामानाचा फिरता पट्टा, टॅक्सीची डिकी आणि हॉटेलातलं कपाट, एवढंच माझं भूगोलाचं ज्ञान. शहरं एकमेकांपेक्षा वेगळी असतात म्हणे. कशी वेगळी, याचं मला भारी कुतूहल होतं. मालकिणीला मात्र ते उरलं नव्हतं. रात्री तिला धड झोप लागत नसे, डोकं सतत दुखे. सकाळी जाग आली की आपण कुठल्या गावात आहोत, हे ती आधी फोनमध्ये पाही.

एकदा ती मला घेऊन आपल्या वडिलांकडे गेली. बाबांनी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. आता त्यांची नजर कडेकडेनं विझत चालली होती. मालकिणीच्या शहरात त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं.

"विमानानं दुपारच्या आत पोचू, बाबा."

"मी विमानानं नाही यायचा."

"भीती वाटते?"

"भीती कसली! ऑपरेशन फसलं, तर शेवटचं काय पाहिलं म्हणून सांगू? समोरच्या सीटची पाठ? अजून वेळ आहे ना? आपण गावागावांतून जाऊ, भिंगरी. मला पाट्या बघायच्यात."

लहानपणापासून तिचा पाय घरात ठरत नसे, म्हणून बाबा तिला भिंगरी म्हणत. ती चडफडली, पण निघाली. आधी प्रत्येक स्टेशनावर थांबणारी गाडी, मग बस, मग दुसरी बस.

मी पहिल्यांदाच खिडकीजवळ होते. काय सांगू मित्रांनो, मला हर्षवायू व्हायचाच बाकी राहिला! एका गच्चीवर एक म्हातारा गादीला काठीनं बडवत होता. रेल्वेच्या फाटकाशी एक कुत्रा माणसांबरोबर शहाण्यासारखा उभा होता. फाटक उघडलं, तसा तोही रूळ ओलांडून गेला. मालकीण मात्र घड्याळाकडेच बघत होती.

"ते रंगीत रंगीत काय गं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. गोदाम असेल."

"कशाचं?"

तिनं नाइलाजानं मान वळवली. "छत्र्यांचं! अहो, सगळ्या उघडून अंगणात वाळत घातल्यात!" तिच्या आवाजात इतकं नवल मी कधी ऐकलं नव्हतं. पुढच्या वळणावर बाबांनी काही विचारायच्या आतच ती बोलू लागली.

पण एका लहानशा गावात घोटाळा झाला. बस बदलायची होती आणि बाबा एका शिंप्याच्या पाटीसमोर उभे राहिले, ते हलेचनात. तेवढ्यात बस सुटली. मला ओढत मालकीण मागे धावली. फुटपाथच्या कडेवर आपटून माझं एक चाक निखळलं.

"शेवटची बस होती ती! आता मुक्काम कुठे करायचा? बॅगही मोडली. बाबा, पाट्यांचं कसलं वेड हे?"

बाबा हळूच म्हणाले, "या माणसानं आख्खं अक्षर कुंचला न उचलता काढलंय गं. कसं जमवलं असेल?"

आवाज ऐकून शिंपी बाहेर आला. पाटी रंगवणारा गाव सोडून गेला होता. शेवटच्या अक्षरांचे पोपडे निघाले होते आणि ती नीट करणारं कुणी मिळत नव्हतं.

"रंग आहे का थोडा?" बाबांनी विचारलं.

दाराला लावून उरलेला लाल रंग सापडला. बाबा स्टुलावर चढले. हात पक्का होता, पण नजर साथ देईना. "भिंगरी, खालची कड कुठाय?"

तिनं मला भिंतीशी टेकवलं आणि त्यांच्या शेजारी उभी राहिली. "अजून खाली. जरा डावीकडे. हां, आता वळवा."

असं करत दोघांनी मिळून अक्षरं पुरी केली. मला ओढताना तिचा खांदा नेहमी कानाशी चढलेला असे. तो त्या संध्याकाळी खाली उतरला.

"मला कधी शिकवलं नाहीत हे," ती म्हणाली.

"तू थांबलीस कधी? आणि मी तरी कुठे थांबायचो? पुढची पाटी वाट बघत असायची."

शिंप्यानं आपली माडी त्यांना उघडून दिली. फोन उशाशी न घेता माझी मालकीण गाढ झोपली.

पुढे ऑपरेशन झालं. एक डोळा वाचला, दुसरा गेला. पट्टी सुटली तेव्हा तिनं घाबरत विचारलं, "बाबा, काय दिसतंय?"

"तुझे पांढरे केस. कधी झाले गं?"

"मलाही आत्ताच कळतंय," असं म्हणून ती हसली आणि रडलीही.

खुर्च्या ती अजूनही बसवते. पण जमेल तिथे गाडीनं जाते, काम संपल्यावर गावात पायी हिंडते आणि घरी आल्यावर बाबांना सगळं रंगवून सांगते. तिची डोकेदुखी कमी झाली, झोप परत आली. मला नवं चाक बसलं, तेही झिजलं. आता मी कपाटावर असते.

मित्रांनो, प्रवासाला निघाल तेव्हा पोचायची एवढी घाई करू नका. सोबतच्या माणसाला विचारा, त्याला काय दिसतंय ते. आणि घरात एखादी जुनी बॅग असेल, तर तिला भंगारात देऊ नका. धूळ पुसून तिला कधीतरी जवळच्याच गावाला घेऊन जा. तिलाही बघायचं असतं.