उडीची सोय

आमच्या भाऊजींना कोड वाचायचा कंटाळा, कोडमध्ये उड्या मारायची मात्र भारी हौस. हे माझे धाकटे दीर, आणि आम्ही दोघं एकाच ऑफिसात प्रोग्रॅमर, हे माझं नशीब. हॉस्पिटलात रुग्णाने उशाशी असलेलं बटण दाबलं की नर्सच्या टेबलावर बेल वाजते, ते सॉफ्टवेअर आमचं. कधीकधी ती वाजायचीच नाही. खुब्याचं हाड मोडून सासूबाई त्याच हॉस्पिटलात पडल्या, आणि एकदा बटण दाबून दाबून शेवटी त्यांचं अंथरूण ओलं झालं. त्या दिवशी त्यांनी पुढे पाण्याचा घोटही घेतला नाही.

"वहिनी, आईची बेल मीच दुरुस्त करणार," भाऊजींनी छाती पुढे काढून जाहीर केलं.

मग दुरुस्ती सोडून बाकी सगळं सुरू झालं. आधी कोड लिहायचा एडिटर सजवायचा. फंक्शनच्या, म्हणजे कोडच्या एखाद्या तुकड्याच्या, नावावर कर्सर ठेवून एक कळ दाबली की ते जिथे लिहिलंय तिथे थेट उडी, दुसरी दाबली की परत. त्यासाठी सगळ्या कोडची सूची बनवायची, कुठलं फंक्शन कुठल्या फाइलमध्ये आहे याची. कळा ठरवण्यातच आठवडा गेला. मग उडी मारल्यावर ओळ कुठल्या रंगात चमकावी, यावर स्वारी अडली.

"भाऊजी, सरळ फाइल उघडून वाचा ना."

"वाचत बसायचे दिवस गेले, वहिनी."

यांचे ते दिवस आले कधी होते, देव जाणे.

अखेर उडी मारली, चूक सापडली, दुरुस्तही झाली. नवं सॉफ्टवेअर हॉस्पिटलात बसलं त्या दुपारी भाऊजी लॅपटॉप काखोटीला मारून आईच्या खाटेपाशी हजर. मी नर्सच्या टेबलाशी उभी राहिले.

"दाब, आई!" अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं.

सासूबाईंनी दाबलं. नर्सने माझ्याकडे पाहिलं, मी बेलकडे. बेल ढिम्म.

मी खाटेपाशी जाऊन भाऊजींचा लॅपटॉप ओढून घेतला. सूची बनवली होती गेल्या वर्षीच्या जुन्या कोडची. प्रत्येक उडी तिकडेच पडत होती, दुरुस्तीही तिकडेच झाली होती, आणि हॉस्पिटलात गेला होता तो यंदाचा, हात न लावलेला कोड. फाइलचा पत्ता दाखवणारी पट्टी भाऊजींनी लपवून टाकली होती. दिसायला बरी दिसत नव्हती म्हणे!

"सूचीचा घोळ आहे, आई. उद्या होईल," भाऊजी म्हणाले.

सासूबाईंचा चेहरा उतरला. "बेल राहू दे रे. आज तूच इथे बस. लागलं तर हाक मारीन."

भाऊजी बसले. चला, माणूस कुठेतरी कामी आला, म्हणून मी दोन खाटांपलीकडे दाराशी माझा लॅपटॉप उघडून दुरुस्ती योग्य जागी करायला घेतली.

थोड्या वेळाने सासूबाई हळूच म्हणाल्या, "अरे, मला जायचंय."

हातभर अंतरावर बसलेले भाऊजी सूची नव्याने बनवत होते.

"अरे..." ही हाक आधीपेक्षाही हळू होती.

मी काम तसंच टाकून लघवीचं भांडं घेऊन धावले. मला वाट द्यायला भाऊजींनी पाय तेवढे बाजूला घेतले, मान वर न करता.