आरोपी चांद्या, मुक्काम मांजर्ली

मी एक जुना, चिखलणीत झिजलेला बैल आहे. नाव चांद्या, मुक्काम मांजर्ली, उल्हास नदीच्या काठी. मित्रांनो, मी जन्मभर भाताची खाचरं तुडवली, बदलापूर स्टेशनापर्यंत गवताच्या गाड्या ओढल्या. तेवढं मला समजतं. पण त्रेपन्न साली मी चोर, दरोडेखोर आणि एकदा तर खुनीसुद्धा कसा ठरलो, ते मला अजून उमगलेलं नाही.

आमच्या घरचा हरिचंद्र वकिलीच्या पहिल्या परीक्षेत नापास झाला होता. त्याचे वडील पदूबाबा एवढंच म्हणाले, "आनखी एकदा बस. नाय झालास तं अंबरनाथच्या आगपेटीच्या कारखान्यात चिकट."

तेव्हापासून हरिचंद्र रोज सकाळी पुस्तक घेऊन गोठ्यात यायचा आणि माझ्यावर आरोप ठेवायचा. कलम सांगायचा, पुरावा मांडायचा, शिक्षा ठोठावायचा. मी पेंढा चघळत ऐकायचो. शिक्षा झाली की तो माझ्या मानेखाली खाजवायचा. मग ही शिक्षा कसली?

एकदा शेजाऱ्याच्या खळ्यावरचं भात कुणीतरी फस्त केलं. हरिचंद्रानं अभ्यासाला तोच खटला घेतला. त्याची आई बनूबाई तिथंच शेण भरत होती. बाईला अक्षराची ओळख नाही. तिनं शेणाची पाटी खाली ठेवली.

"कोन बोलतो चांद्यानं चोरलं? तू बगितलंस?"

"आये, ह्यो नुसता अभ्यास हाय."

"आसू दे. दावं कोनी सोडलं? बैलानं का मानसानं? मंग चोर कोन?"

हरिचंद्र भराभर पानं चाळू लागला. मुका आरोपी मिळाल्यामुळे आजवर तो एकटाच बोलत होता आणि एकटाच जिंकत होता. परीक्षेत मात्र दोन्ही बाजू मांडायच्या असतात म्हणे.

मग रोज जुंपायची. तो सरकारचा वकील, ती माझी. शेण वाळून जायचं, पण बाई हटायची नाही. खरं सांगू? ते भात मीच खाल्लं होतं, तेही पोटभर! तरी तिनं मला सोडवलं, आणि हरल्यावर हरिचंद्र उड्या मारत हसला. यात न्याय कुठला, हे मी बैलबुद्धीनं काय सांगणार?

हरिचंद्र पास झाला. पोस्टमननं कार्ड वाचून दाखवलं, पदूबाबांनी पेढे वाटले. पुढच्या शिक्षणासाठी तो मुंबईला एका वकिलाकडे राहायला गेला. सगळं घर खुशीत होतं. बनूबाई मात्र गोठ्यात आली आणि माझ्या पाठीवर डोकं टेकून रडली. हवं होतं तेच झालं होतं ना? मला काही कळेना. हल्ली ती पेंढा टाकते, जराशी घुटमळते आणि न बोलता निघून जाते.

मित्रांनो, मी म्हातारा झालो, माझं ऐकायलाच हवं असं नाही. पास झालात की खुशाल पेढे वाटा. पण जिनं तुमच्याशी भांडून तुम्हाला शहाणं केलं, तिच्याकडे सुटीत या. आणि आलात की तिचं म्हणणं लगेच मान्य करू नका. थोडं भांडा तिच्याशी.