अमेरिकेच्या फोनचं कुलूप

"काका, सिम तुमचं चांगलं आहे. फोनच त्याला घरात घेत नाहीये," निकिता म्हणाली आणि तिने पिनेने सिमचा ट्रे पुन्हा बाहेर काढला.

सहादू पगारे काउंटरच्या अलीकडे स्टुलावर ताठ बसला होता. अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर एकोणतीस वर्षं वॉचमन म्हणून काढली, की माणूस रिटायर होतो, त्याची पाठ होत नाही.

"म्हंजी बिघडलाय?"

"बिघडला नाही, लॉक आहे. तिकडच्या कंपन्या फोन देतात आणि अट घालतात की आमचंच सिम चालवायचं. ज्या कंपनीकडून तुमच्या मुलाने घेतला, तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाचं सिम हा घेणार नाही. कुलूप त्यांचं, किल्लीही त्यांच्याकडे."

सहादूने मान डोलावली. अशी अट त्याला पटण्यासारखी होती. ज्याचा माल त्याचं कुलूप.

नाशिकच्या सिडकोत उत्तमनगरला निकिताचं हे दुकान जेमतेम एका खाटेएवढं. दुकान टाकलं तेव्हा 'पोरगी काय फोन दुरुस्त करणार' म्हणणारे सगळे आता तिच्याच काउंटरवर कोपर टेकून उभे असतात. रविवारची संध्याकाळ असूनही तिने शटर उघडलं होतं, ते केवळ पगारेकाकांसाठी. कारण मालनबाईंनी, म्हणजे सहादूच्या बायकोने, सकाळपासून तिला तीन फोन केले होते.

मालनबाईंचंही चुकत नव्हतं. त्यांचा एकुलता एक अश्विन बायको अंजली आणि मुलगा ओम यांच्यासह टेक्सासात, सॉफ्टवेअरच्या नोकरीला. त्याचा एक मित्र लग्नासाठी नाशिकला आला, त्याच्या हाती त्याने बापासाठी आपला फोन पाठवला होता. चार दिवसांत मालनबाईंनी तो गल्लीत घरोघर दाखवून आणला. नव्या सुनेलासुद्धा कुणी एवढं मिरवत नाही. फोनवरून बोलता येत नव्हतं, एवढीच काय ती उणीव.

"दोन मार्ग आहेत," निकिता म्हणाली. "सिमच्या खाली एक पातळ चिप बसवते. फोनला वाटतं, अमेरिकेचंच सिम घातलंय. दहा मिनिटांचं काम. सगळे तेच करून घेतात."

"म्हंजी फोनला फसवायचं."

"फोनलाच ना काका. माणसाला थोडंच फसवतोय?"

"नको. सरळ मार्ग आसंल तर तो सांग."

निकिताला हे उत्तर ठाऊकच होतं. सहादूच्या सरळ मार्गाचे किस्से अंबडमध्ये अजून सांगतात. कारखान्यात पितळेचे पार्ट बनत. सुट्टी झाली की प्रत्येक कामगाराने गेटवरचं बटण दाबायचं. हिरवा दिवा लागला तर जा, लाल लागला तर झडती; कुठला लागेल ते ज्याच्या त्याच्या नशिबावर. हा बाबा ड्युटी संपली की स्वतः बटण दाबायचा आणि दिवा कुठलाही लागो, दुसऱ्या वॉचमनपुढे आपली पिशवी उपडी करायचा. शाळेतला अश्विन कधी बापाचा डबा घेऊन यायचा, तर जाताना त्यालाही रिकामा डबा उघडून दाखवावा लागे. पोरगा हसत हसत दाखवायचा. बाकीचे वॉचमन म्हणायचे, पगारे, तुझं डोकं फिरलंय. पण पगाराचं पाकीट उशाशी ठेवून आपल्याएवढी शांत झोप कुणाला लागत नसेल, असं सहादूला मनापासून वाटत आलं होतं.

"सरळ मार्ग म्हणजे कंपनीच्या साइटवर फोनचा नंबर टाकायचा," निकिताने लॅपटॉप पुढे ओढला. "ते तपासतात आणि सगळं ठीक असेल तर कुलूप उघडतात. नंबर पंधरा आकडी आहे. वाचा बरं."

सहादूने चष्मा लावला आणि गेटवर गाडीचा नंबर सांगावा तशा खणखणीत आवाजात एकेक आकडा वाचला. निकिताने बटण दाबलं. स्क्रीनवर चक्र फिरलं, थांबलं, चार ओळींचं इंग्रजी उमटलं.

निकिताने ते वाचलं. नंबर खोडला, फोनवर बघून स्वतः परत टाकला. पुन्हा त्याच चार ओळी आल्या.

"काका, चहा घेणार? समोर सांगते."

बॅगेवर हात ठेवून हवापाण्याच्या गप्पा मारणारी हजारो माणसं सहादूने गेटवर पाहिली होती.

"चहा मागून. काय लिवलंय ते सांग."

"लिहिलंय की..." ती लॅपटॉपकडेच बघत राहिली. "हा फोन हरवला किंवा चोरीला गेला, अशी त्यांच्याकडे नोंद आहे. त्यामुळे कुलूप उघडता येणार नाही."

सहादूला आधी नीट ऐकूच आलं नाही. म्हणजे शब्द आले, पण ते दुसऱ्याच कुणाच्या फोनबद्दल असावेत तसे. त्याने फोन उचलून हातात धरला.

"हरवला कुठं? ह्यो काय, माझ्या हातात हाय."

"तेच तर."

"आकडा चुकला आसंल."

"दोनदा टाकला, काका."

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या.  चोरीचा माल. चार दिवस तो त्याच्या घरात होता, मालनने ओवाळायचा तेवढा बाकी ठेवला होता. मग डोकं झरझर धावायला लागलं. अश्विनच्या मित्राने फोन बदलला असेल. विमानतळावर कुणी हात मारला असेल. कुणीतरी अश्विनवर डूख धरून खोटी तक्रार केली असेल, परक्या मुलखात काय सांगता येतं? डोकं सगळीकडे जाऊन आलं, एकाच दाराशी गेलं नाही.

"अश्विनला सांगाया पायजे," तो म्हणाला. "त्याच्या नावावर कोनी तरी काय तरी करून ठिवलंय. त्याला ठाऊक बी नसंल."

निकिता काही बोलणार होती. या धंद्यात तिने असे फोन पाहिले होते आणि असे फोन येतात कसे हेही तिला माहीत होतं. "काका, घरी जाऊन निवांत बोला ना," एवढंच तिने सुचवून पाहिलं. पण सहादूने आपला काच तडकलेला जुना फोन पुढे केला होता. तिने त्याचं सिम त्यात परत बसवून दिलं, समोरून दूध आणते म्हणाली आणि उगाचच चपला शोधत बाहेर पडली.

सहादूने व्हिडिओ कॉल लावला. तिकडे टेक्सासात रविवारची सकाळ होती. अश्विन स्वयंपाकघरात उभा होता, केस विसकटलेले, हातात कप.

"बोला बाबा. झाला का फोन सुरू?"

"अश्विन, नीट ऐक. घाबरू नको." सहादूने नवा फोन उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. "ह्यो फोन हरवला आशी कोनी तरी तुझ्या फोनच्या कंपनीत खोटी तक्रार दिलीय. तू आजच्या आज जा आन सांग, फोन माझाच हाय, मीच माझ्या बापाला दिला."

अश्विनने कप ओट्यावर ठेवला. मागे वळून बघितलं, मग आवाज उतरवला.

"कंपनीच्या साइटवर टाकला तुम्ही? कशाला? चिप बसवून मिळते तिकडे."

"सरळ मार्गानं करत व्हतो."

"बाबा..." त्याने कपाळ चोळलं. "इथे फोनचा विमा असतो. हरवला म्हणून कळवलं की नवा देतात. मग जुना तुम्हाला पाठवला. सगळे करतात हे. आमच्या ऑफिसातल्या निम्म्या लोकांचे जुने फोन इंडियात आईवडलांकडे आहेत."

सहादू बघतच राहिला. रस्त्यात ओळखीचा चेहरा म्हणून हाक मारावी आणि माणूस भलताच निघावा, तसं त्याचं झालं.

"म्हंजी तक्रार तू दिली."

"अहो, तक्रार नाही, फॉर्म असतो एक."

"फारमवर काय लिवलं? हरवला?"

"हो."

"आन सही?"

"ऑनलाइन असतं ते. बाबा, कंपनीला काय फरक पडतो? अब्जावधींची कंपनी आहे. आणि मी माझ्यासाठी केलं का? तुमच्यासाठी केलं."

हे वाक्य सहादूने पूर्वी ऐकलं होतं. नाथाच्या तोंडून. नाथा लेथवरचा कामगार, चांगला माणूस, पोरीचं लग्न तोंडावर आलेलं. लाल दिवा लागला आणि डब्यातल्या भाताखालून पितळेचे सात बुश, अंगठ्याएवढे पार्ट, निघाले. 'पगारेभाऊ, एवढ्याशानं कंपनीचं काय जातंय? पोरीसाठी केलं,' तो हळूच म्हणाला होता. सहादूने रजिस्टरमध्ये नाव लिहिलं आणि तिसऱ्या दिवशी नाथाची नोकरी गेली. पुढे तो पवननगरच्या बाजारात भाजी विकायला बसला. मालन त्याच्याकडून मेथी आणायची. सहादू मात्र त्या रांगेतून कधी गेला नाही. आपलं चुकलं असं त्याला वाटत नव्हतं, पण जाववत नव्हतं. आज पहिल्यांदा त्याला ते सात बुश डोळ्यांपुढे दिसले.

"नवा फोन परत कर," तो म्हणाला. "सांग त्यांना, जुना घावला म्हनून. माझ्याकडनं चूक झाली म्हनाव."

"तसं नाही होत. आता सांगितलं तर फ्रॉड होतो तो. केस होऊ शकते. माझा व्हिसा जाईल, बाबा. मी, अंजली, ओम, तिघांनाही गाशा गुंडाळून यावं लागेल. ओमची शाळा आहे इथे."

"मंग तवा कळलं नाय?"

 अश्विनचा चेहरा रडवेला झाला होता. छत्तीस वर्षांचा बाप्या, पण शाळेच्या दाखल्यावरच्या फोटोत दिसायचा तसाच.

"कुणाला सांगू नका, बाबा. प्लीज. आईलाही नको."

सहादूला आयुष्यात इतकं अडकल्यासारखं कधी वाटलं नव्हतं. बोललं तर पोराचं घर मोडतं. गप्प बसलं तर एकोणतीस वर्षं आपण गेटवर कशासाठी उभे होतो? त्याला अश्विनचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही करायला पोरगा हाताशी नव्हता.

तेवढ्यात स्क्रीनच्या खालच्या कडेने सहा वर्षांच्या ओमचं डोकं वर आलं.

"आजोबा! हाय!" आणि लगेच त्याचे डोळे मोठे झाले. "पप्पा, लुक! आजोबांकडे तुमचा फोन!"

सहादूच्या हातात फोन तसाच वर धरलेला राहिला होता.

"ओम, जा, दूध पी," अश्विन म्हणाला.

"पण तो लॉस्ट झालेला ना! आजोबा, आम्ही खूप शोधला. कारमध्ये, सीटच्या खाली. मी सोफ्याच्या खाली गेलो. मग मी रडलो, कारण माझा स्टिकर होता त्याच्यावर. ग्रीन डायनासोर. तुम्हाला कुठे सापडला?"

पोराला शोधायलासुद्धा लावलं होतं. सहादूने अश्विनकडे बघितलं. अश्विन खाली बघत होता.

"आजोबा, कुठे सापडला?"

दुकानाबाहेर एक रिक्षा थांबली, कुणीतरी उतरलं, रिक्षा गेली. 

"नाय रे बाळा," तो म्हणाला. "ह्यो पप्पाचा नाय. ह्यो माझा हाय. तसाच दिसतो निस्ता."

आपला आवाज इतका साधा निघाला याचाच त्याला धक्का बसला. कुठे अडखळला नाही, कापला नाही.

ओमला पटलं नव्हतं. "मग मागे दाखवा. मागे माझा डायनासोर असेल."

सहादूने फोन आपल्याकडे वळवून पाठ बघितली. कुणीतरी स्टिकर खरवडून काढला होता, पण घाईत. कॅमेऱ्याच्या खाली हिरव्या शेपटीचा नखाएवढा तुकडा चिकटून राहिला होता.

त्याने त्यावर अंगठा ठेवला आणि फोन फिरवून नातवापुढे धरला.

"बघ. हाय का?"

ओमने नाक स्क्रीनला लावून बराच वेळ पाहिलं. सगळ्या कोपऱ्यांतून पाहिलं.

"नाही," तो शेवटी म्हणाला. मग त्याला काहीतरी आठवलं असावं, आईने शिकवलेलं. "सॉरी हं, आजोबा. मला वाटलं, तुम्ही घेतला."

"आसू दे," सहादू म्हणाला.

पलीकडून फोन बंद झाला. निकिता दूध घेऊन परत आली तेव्हा तो तसाच बसलेला होता, फोन समोर धरून, अंगठा दाबून. अंगठ्याचं नख पांढरं पडलं होतं.