न मोडलेला खांब

मित्रांनो, कधी या मोठ्या दालनात मैफलीला आलात, तर खुर्च्यांच्या रांगांमध्ये एक लाकडी खांब दिसेल. छताला तो टेकत नाही, भिंतीशी त्याचं काही नातं नाही, आणि पाठीमागे बसलेल्या माणसाला गाणारी बाई नीट दिसू देत नाही. लोक कुरकुरतात, हे लाकूड इथे कोणी ठेवलं म्हणून. तो खांब मी. ओकच्या लाकडाचा, दीड पुरुष उंच, आणि छातीला लोखंडी कडी असलेला.

पूर्वी आम्ही दोघं होतो. एकाच झाडातून एकाच सुताराने आम्हाला काढलं आणि राजाच्या या घोडेशाळेत साडेतीन हातांच्या अंतरावर रोवलं. तेव्हा इथे खुर्च्या नव्हत्या, जाड वाळू होती. आम्हा दोघांच्या मध्ये घोड्याला उभं करायचे, त्याच्या म्होरकीचे दोन दोर आमच्या कड्यांना बांधायचे, आणि त्याला जागच्या जागी दुडकी घ्यायला शिकवायचे. पुढे जायचं नाही, मागे सरायचं नाही, तरी चारही पाय तालात उचलायचे. राजे आले, गेले. शेवटचा राजा देश सोडून गेला तरी घोडे राहिले आणि आमचं कामही राहिलं.

मी पुष्कळ उस्ताद पाहिले. त्यांतले काही नुसतेच मिशीवाले होते. पण अन्सेल्मु क्वारेज्मा यांच्यासारखा माणूस दुसरा झाला नाही. चाबूक ते हातात धरायचे तो केवळ बोट दाखवावं तसा. त्यांचा एक नियम होता. खांबांत बांधलेल्या घोड्याने दहा पावलं चांगली टाकली की दोर सोडायचा, त्याला एक गोड शेंग द्यायची, आणि त्या दिवशी पुन्हा बांधायचं नाही. अकरावं पाऊल मागायचंच नाही. नव्या शिष्यांना ते सांगायचे, "दोर बांधतो तो खांब. घोड्याला उभं ठेवतो तो आपला शब्द." हे ऐकून मी मनातल्या मनात फुलून जायचो. आपण कोणाला तरी कैदेत ठेवतो असं मला कधी वाटलं नाही, ते त्यांच्यामुळे.

त्यांचा सगळ्यात लाडका घोडा झिम्ब्रू. तांबड्या अंगाचा, काळ्या आयाळीचा, आणि भलताच हुशार. दहा पावलं झाली की तो स्वतःच थांबायचा आणि मान वळवून बघायचा. हिशेब त्याला पाठ होता. त्याची देखभाल देल्फिना करायची. पागेतली ही एकटी बाई मोतद्दार, तोंडाने फटकळ. झिम्ब्रूला खरारा करताना ती त्याला सांगायची की उस्तादांना बायको मिळाली नाही, कारण त्यांनी सगळी गोड बोलणी तुझ्यावरच खर्च केली. उस्ताद ऐकून न ऐकल्यासारखं करायचे.

मग गावात बोलणी सुरू झाली. एवढं रंगवलेलं छत, एवढे सुरेख सज्जे असलेली वास्तू घोड्यांच्या लिदीत कशाला घालवायची, इथे संगीत व्हावं, प्रदर्शनं भरावीत. ठरवायला पाच जणांची समिती नेमली. ती एका सकाळी शाळा बघायला येणार होती. त्यांना काम आवडलं तर घोडे राहणार, नाहीतर सगळं गुंडाळायचं.

समिती आली, पण तिघंच. झिम्ब्रूने दहा पावलं टाकली. अशी टाकली की वाळू जराही उडाली नाही. तिघांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मान वळवली. तेवढ्यात उरलेले दोघं कॉफी पिऊन सावकाश आले आणि म्हणाले, आमचं राहिलं की, परत दाखवा ना. उस्तादांनी दोराकडे नेलेला हात मागे घेतला. झिम्ब्रूने पुन्हा दहा टाकली. मग त्यांच्याबरोबर आलेल्या छायाचित्र काढणाऱ्याला उजेड नीट मिळाला नव्हता, म्हणून आणखी एकदा.

देल्फिना पुढे झाली. "उस्ताद, त्याची दहा केव्हाच झाली."

"मला मोजता येतं," ते म्हणाले. "वीस घोड्यांचा प्रश्न आहे. आजच्या दिवस गप्प बैस."

मित्रांनो, त्यांच्या आवाजात लबाडी नव्हती. भीती होती. पण झिम्ब्रूला समितीचं काय ठाऊक? त्या तिसऱ्या खेपेला चाबूक त्याच्या मांडीला लागला, तेव्हा त्याने उस्तादांकडे पाहिलं. ती नजर मी अगदी जवळून पाहिली. चिडलेला घोडा मला कळतो, घाबरलेलाही कळतो. ही नजर निराळी होती. आपलं माणूस ओळखू येईना की जसं होईल, तसं त्याचं झालं होतं.

मग तो दोन पायांवर उभा राहिला आणि सगळं वजन मागे टाकलं. माझा जोडीदार बुंध्यापासून कडाड मोडला. मी मोडलो नाही. माझा दोर ताणला, तसा झिम्ब्रू कुशीवर आपटला. पुन्हा उठला, पुन्हा आपटला. देल्फिनाने धावत येऊन सुरीने दोर कापला. समिती तोवर जिन्यावरून सज्जात पळाली होती. आठवड्याने कागद आला. घोडे धोकादायक आहेत, ते हलवावेत.

एवढं सगळं करून शाळाही गेलीच. झिम्ब्रूला देल्फिनाच्या बहिणीच्या शेतावर नेलं. उस्ताद कुठे गेले, मला कळलं नाही. वाळू उपसून लाकडी जमीन झाली. माझ्या जोडीदाराचे तुकडे शेकोटीत गेले आणि मला मात्र पितळेची पाटी मिळाली. वर्षातून दोनदा तेल लावतात. शाळेतली मुलं आली की त्यांना सांगतात, इथे घोडे आनंदाने नाचायचे, आणि बघा हा खांब, इतकी वर्षं झाली तरी कसा भक्कम!

अकरा वर्षांनी एका रविवारी दुपारी क्वारेज्मा आले. हातात काठी, अंगात जुनाच कोट. दारात तिकिटं फाडायला देल्फिना होती. घोडे गेल्यावर तिने हीच नोकरी धरली होती. तिने त्यांचं तिकीट फाडलं, अर्धं परत दिलं, आणि त्यांच्या मागोमाग माझ्यापर्यंत आली. दालनात अजून कोणी नव्हतं.

"कसा आहे?" त्यांनी विचारलं.

"गेल्या हिवाळ्यात गेला. चांगला म्हातारा होऊन."

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "माझा राग होता का गं त्याला?"

"राग असता तर बरं झालं असतं, उस्ताद. तो फाटकातून जाईना. दोन खांब दिसले की पाय रोवून थरथरायचा. शेंगा दाखवल्या, डोळ्यांवर कापड बांधलं, काही उपयोग नाही. शेवटी माझ्या मेहुण्याने गोठ्याशेजारची भिंत पाडली, तेव्हा तो आत आला. जगला तितकी सगळी वर्षं तो त्या पडक्या भिंतीवरूनच ये-जा करायचा."

"मी शाळेसाठी केलं, देल्फिना."

"ते माहीत आहे मला. त्याला कोण सांगणार होतं?"

उस्तादांनी माझ्या कडीवर हात ठेवला. हात थंडगार होता. लोक आत येऊ लागले, वाजवणाऱ्यांनी तारा जुळवायला घेतल्या. ते आपल्या खुर्चीकडे गेलेच नाहीत, आले तसे परत गेले. देल्फिना तिकिटं फाडायला दारात उभी राहिली.

मित्रांनो, आपली कहाणी सांगणारे माझ्यासारखे इतर जण शेवटी म्हणतात, आमची काळजी घ्या. मी ते म्हणणार नाही. माझी फार चांगली काळजी घेतात. तुमच्या भरवशावर उभा असलेला एखादा मुका जीव तुमच्याकडे मान वळवून बघेल, तेव्हा त्याला सोडा. तुमचं काम कितीही मोठं असो. उस्तादांनी त्याला फसवलं, हे खरं. पण दोर माझ्या छातीला बांधला होता. त्या सकाळी आम्हा दोघांपैकी जो मोडला, त्यानेच झिम्ब्रूची बाजू घेतली. आणि मी भक्कम निघालो.