मुऱ्हाळी आला होता

यंदाची भाऊबीज आई कारंजाला करणार, हे संस्कृतीने गणपतीच्या दिवसांतच ठरवून टाकलं, आणि संस्कृतीने ठरवलं म्हणजे ठरलं. निदान तिची स्वतःची तरी तशी पक्की समजूत होती. ऑगस्टमध्ये मालेगावला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला होता, आणि तेव्हापासून नववीतल्या या पोरीची मान जी ताठ झाली, ती खाली यायला तयारच नव्हती. लिलाबाई आजी शेजारणींना सांगायची, पोट्टीले ढाल नाई भेटली, जीभ भेटली. संस्कृतीला तेही कौतुकच वाटायचं.

तर कारंजा. तिथे आईचं माहेर. मेडशीच्या घरून मालेगाव, मालेगावहून कारंजा. सकाळची एसटी धरली तर माणूस दुपारच्या जेवणाला पोचतो. पण मंजूला, म्हणजे संस्कृतीच्या आईला, दिवाळीत तेवढा रस्ता कधी कापताच आला नव्हता. एका साली सोयाबीनची गंजी वावरात आणि वर आभाळ भरून आलेलं. एका साली गोलू पोटात. एका साली वर्षाराणी आत्याचं बाळंतपण. मग पांडवपंचमी उलटली, फराळाच्या डब्यांचे तळ दिसायला लागले, की मंजू एका रात्रीसाठी जाऊन यायची. तोवर तिचा भाऊ जगदेव सुट्टी संपवून सुरतेच्या कापड गिरणीत परत गेलेला असायचा. भाऊबीजेला ती ओवाळायची ती मोबाईलला. गेल्या साली दिव्याच्या धगीने पडद्यावरची काच तडकली तेव्हा तिकडून जगदेवमामा खूप हसला होता. आई हसली नव्हती.

आणि यातली खरी गंमत अशी, की या घरात आईला 'जाऊ नको' असं कुणी कधी म्हटलेलंच नव्हतं. बाबा म्हणायचे, जाय ना, कोण धरून ठेवलं? आजी म्हणायची, जा माय, तुहं माहेर हाय. सगळे हसतमुखाने जा म्हणायचे आणि आई घरीच असायची.

यंदा मात्र कारंजाची आजी, चतुराबाई, न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं हाड मोडलं आणि ती खाटेला खिळली. फोनवर ती दुसरं काही बोलायचीच नाही. "दिवाळीले येशीन ना वं मंजू?" एवढंच विचारायची.

संस्कृतीने हिशेब मांडला. आई का जाऊ शकत नाही? कामामुळे. मग काम आपण उचललं की झालं. ती म्हशीची धार काढायला शिकली, लाथ खाऊन शिकली. भाकरी गोल येईपर्यंत तिने घरादाराला महाराष्ट्राचे नकाशे खाऊ घातले. करंज्या, शंकरपाळे, चिवडा, सगळं आईच्या पुढे बसून हाताखालून घातलं. आणि दसऱ्याच्या दिवशी, सगळे जेवायला बसलेले असताना, तिने स्पर्धेतला आवाज लावून जाहीर केलं की यंदा मामा स्वतः मुऱ्हाळी येणार, म्हणजे आईला न्यायला येणार, आई गोलूला घेऊन भाऊबीजेला जाणार आणि तीन दिवस घर संस्कृती सांभाळणार. बाबांनी, म्हणजे सतीशरावांनी, वरणात भाकरी कुस्करत मान हलवली. आजी म्हणाली, चांगलं हाय की. आईच तेवढी खाली मान घालून ताटातलं मीठ बोटाने इकडून तिकडे करत राहिली. संस्कृतीला वाटलं, आनंदाने बोलणं सुचत नसेल.

दिवाळीत वर्षाराणी आत्या पुण्याहून आली. सोबत दुसरीतला शिवम आणि मांडीवरची परी. माहेरी आलेल्या लेकीने इकडची काडी तिकडे करायची नसते, आणि आत्या हा नियम फार मनापासून पाळायची. ओट्यावर पाय पसरून ती बसायची, आणि अंघोळीचं पाणी, परीची खिमटी, शिवमची बिनतिखटाची भाजी, सगळं तिच्यापर्यंत चालत यायचं. तीही वाईट नव्हती हो. सासरी तिलाही वर्षभर कुणी कपभर चहा हातात आणून देत नसणार. पण इकडे चहा देणारा हात एकच होता.

घर नुसतं दणाणून गेलं. शिवम आणि बालवाडीतला गोलू सकाळपासून संध्याकाळपर्यंत म्हशीच्या अंगावरून, तुराट्यांच्या ढिगावरून, एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होते. शिवमने पुण्याहून मोठ्या अनारांची पेटी आणली होती. लावला की छपराइतका उंच जाणारा अनार. गोलूच्या वाट्याला टिकल्या आणि फुलझड्या. पेटी आजीने कपाटावर ठेवली होती, आणि गोलू दिवसातून कितीदा तरी त्या कपाटाखाली जाऊन देवापुढे उभं राहावं तसा वर बघत उभा राहायचा.

परी रडायला लागली की संस्कृती आपले चांदीचे पैंजण तिच्यापुढे हलवायची. लहानपणी आजीने दिलेले, आता मनगटातही न जाणारे. दर दिवाळीला ती ते चिंचेच्या कोळाने घासून लख्ख करायची. आजी कितीही टोचून बोलली तरी संस्कृतीच्या मनात आजीबद्दल एक मऊ जागा होती, ती या पैंजणांमुळे. अख्ख्या गल्लीत तेव्हा कुणाच्या पोरीच्या पायात चांदी नव्हती.

पाडव्याच्या दुपारी आईने पिशवी भरली. जगदेवसाठी शर्टाचं कापड, चतुराबाईसाठी मऊ सुती लुगडं, संस्कृतीच्या हातच्या करंज्यांचा डबा. भरताना ती बोलत होती. एरवी हो-नाहीच्या पलीकडे न जाणारी आई कारंजाच्या घराबद्दल, मागच्या रामफळाबद्दल, लहानपणी जगदेवने लाडू चोरून गव्हाच्या कोठीत लपवल्याबद्दल बोलत होती, आणि बोलता बोलता एवढी हसली की तिला ठसका लागला. संस्कृती बघतच राहिली. आई अशी हसते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

भाऊबीजेला सकाळीच मामा मोटरसायकल घेऊन आला. चहा झाला. आई अंजिरी रंगाची साडी नेसून बाहेर आली, केसांत अबोलीचा गजरा, आणि क्षणभर सगळं अंगण तिच्याकडे बघत राहिलं. पिशवी हँडलला लागली. गोलूला नवा सदरा घातलेला. मामाने त्याला उचलून टाकीवर बसवायला हात पुढे केले.

गोलू मटकन खाली बसला.

"मी नाई येत."

आईने समजावलं. मामाने तिकडे गेल्यावर फटाके घेऊन द्यायचं कबूल केलं. गोलूने एकदा ओट्याकडे पाहिलं, जिथे आजी परीला घेऊन बसली होती, आणि भोकाड पसरलं. नव्या सदऱ्यासकट तो मातीत लोळला. आईच्या निऱ्या धरल्या, त्या सुटल्या तेव्हा ओट्याचा खांब धरला. संस्कृती पुढे झाली. तिचा आवाज अजून तिच्या हातात होता. तिने सांगितलं की गोलू इथेच राहू दे, मी बघते त्याला, आई तू बस.

आई बसली. खरंच बसली. पदर खोचला, मामाच्या खांद्यावर हात ठेवला, मामाने किक मारली.

गोलू किंचाळत गाडीमागे धावला, पडला, आणि रडता रडता त्याचा श्वास कोंडला. तोंड उघडं, आवाज नाही. ओठ आधी पांढरे आणि मग निळे. संस्कृतीने त्याला हलवलं, पाठीवर थोपटलं, फुंकर मारली. काही होईना. आई कशी उतरली, कधी उतरली कुणालाच कळलं नाही. साडीचा काठ सायलेन्सरला लागून जळाला एवढंच नंतर दिसलं. तिने गोलूच्या तोंडावर पाण्याचा हबका मारला तेव्हा कुठे त्याने श्वास घेतला आणि तिच्या गळ्याला मिठी मारली.

ओट्यावरून आजी अगदी हळू आवाजात बोलली. "लेकराचा जीव जाऊन राह्यला. तुले जा लागते त जाय बाप्पा. मी कायले नाई म्हणू?"

बाबांना नेमकं तेव्हाच तुरीला पाणी सोडायचं आठवलं आणि ते वावराकडे निघून गेले.

मग आईने अंगणातच पाट मांडला. मामाला ओवाळलं. मामा करंजीचा तुकडा तोंडात घेऊन किती तरी वेळ चघळत राहिला. निघताना आईने पिशवी त्याच्या हातात दिली आणि एवढंच म्हणाली, "मायले सांगजो, लेकराले ताप भरला म्हणा."

मोटरसायकल वळणावरून गेली. आत्याने परीला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. "बरं झालं बाई वयनी, तुमच्याबिगर घर कसं खायला उठलं असतं. थोडासा चहा टाकता का?"

आईने साडी बदलली. गजरा काढून तुळशीवर ठेवला. चहा टाकला.

दुपारी संस्कृती पडवीत तांदूळ निवडत बसली होती. निवडत कसली, तांदळाशी भांडत होती. आपण कुठे चुकलो हेच तिला सापडत नव्हतं. म्हैस झाली, भाकरी झाली, फराळ झाला. एक गोलू तेवढा राहून गेला. तेवढ्यात आतल्या खोलीतून गोलूचा आवाज आला. त्या आवाजात कुरकुर नव्हती. दुकानदाराकडे उरलेले पैसे मागावेत तसा होता.

"आजी, मी रडलो ना? दे मंग."

आजी म्हणाली, संध्याकाळी.

"तू म्हणे आई उतरली का लगेच देते."

कपाटाशी स्टूल ओढल्याचा आवाज आला. मग पेटीचा खडखडाट.

तांदळाचं सूप खाली ठेवलं की फेकलं, संस्कृतीला ठाऊक नाही. ती सरळ स्वयंपाकघरात गेली. आई सांजोऱ्या लाटत होती. संस्कृतीने सगळं सांगितलं, एका दमात. आजीने गोलूला शिकवलं होतं, अनारांची लालूच दाखवली होती, आता संस्कृती बाहेर जाऊन सगळ्यांपुढे विचारणार होती, बाबांना वावरातून बोलावून आणणार होती, मामाला फोन करून परत बोलावणार होती.

आईचं लाटणं थांबलं नाही.

"मले मालूम हाय."

"काय मालूम हाय?"

"तेच. दर साली काई ना काई असते. ज्या साली दुसरं काई नसते, त्या साली लेकरू असते." आईने लाटी उलटवली. "तुले ते पैंजण कायचे भेटले होते?"

संस्कृतीला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती आठवायला लागली. जिवाच्या आकांताने आठवायला लागली. तिला अंगणभर वाजलेली छुमछुम आठवत होती. शेजारच्या पोरींचे डोळे आठवत होते. रडणं आठवत नव्हतं. किती रडली असेल, कुणाचा पदर धरला असेल, आई तेव्हा कोणत्या रंगाची साडी नेसली होती, काहीच आठवत नव्हतं.

"मालूम होतं त उतरली कायले?" तिने विचारलं. आवाज स्पर्धेतला नव्हता, कुठला होता तेही तिला ओळखू येईना.

आईने पहिल्यांदा हात थांबवून तिच्याकडे पाहिलं. "रडनं शिकवलं होतं, बाई. निळं पडनं थोडीच शिकवलं होतं."

आणि तिने पुढची लाटी घेतली.

संध्याकाळी कारंजाहून फोन आला. बाहेर अंगणात गोलूची आरडाओरड चालली होती. आईने बघितल्याशिवाय तो अनार लावणार नव्हता, म्हणून आई दारात उभी होती, एका कानाला मोबाईल लावून. हो माय, म्हणत होती. अंगात कणकण हाय अजून. आता बरा हाय. तू औषध घेतलं का? मग तिने मोबाईल संस्कृतीपुढे धरला.

संस्कृतीने दिवसभर एक भाषण जुळवलं होतं. चतुराबाईला खरं सांगायचं, सगळं सांगायचं, कुणाला काय वाटायचं ते वाटो. पहिलं वाक्यही तयार होतं. मागे खोलीत परी पैंजण हातात घेऊन खुळखुळ्यासारखे वाजवत होती. छुमछुम, छुमछुम.

"संस्कृती का वं?" खाटेवरचा तो बारीक आवाज म्हणाला. "लेकराचा ताप उतरला का?"

अंगणात अनार भसकन पेटला. छपराच्या वर गेला. त्या उजेडात गोलू टाळ्या पिटत नाचत होता, आजी हसत होती, आणि दारातल्या आईचा चेहरा पांढराफटक दिसत होता. आई अनाराकडे बघत नव्हती. ती संस्कृतीच्या तोंडाकडे बघत होती.

"उतरला, आजी," संस्कृती म्हणाली. "आता खेळून राह्यला."