कडव्याच्या पुढे धावणारा सूर

पवित्र आठवड्यातला बुधवार. झावळ्यांच्या मांडवात येशूच्या दुःखभोगाची गाथा चालली होती, एक कडवं या बाकावरून, एक त्या बाकावरून. यंदाचा मांडव क्रिसांताचा. स्तनातली गाठ काढल्यावर पाच वर्षं ती हार्मोन रोखणारी गोळी घेत होती. नाताळात ती बंद झाली, आणि बोललेला नवस फेडायला तिनं गाव बोलावलं.

पण सूर ठरेना. ओळ संपायच्या आत तिचा गळा पुढच्या ओळीत शिरे. समोरच्या बाकावरून पेट्रोनिलानं, क्रिसांताच्या लेकीच्या धर्ममातेनं, मान वर केली. त्या नात्यानं दोघी एकमेकींना 'कुमारे' म्हणत.

"कुमारे, दमानं. शुक्रवारच्या आधीच चढवतेस का त्याला क्रुसावर?"

बायका खुदखुदल्या. क्रिसांताही हसली, पण आत काळीज उधळलं होतं. हल्ली पंख्याखालीही घाम फुटे, वाढताना डाव हातात थरथरे. खाणं वाढलेलं, तरी अंग वाळत चाललेलं. आई शेवटी अशीच वाळली होती. आपण आभार फार लवकर मानले, असं तिच्या मनानं घेतलं. तपासायला जायचं नाही. कुणी नाव घेत नाही, तोवर ते नाही.

चुलीपाशी पेट्रोनिलानं तिचं मनगट धरलं. "पिल्लासारखं धडधडतंय. कधीपासून?"

"आल्याचा चहा जास्त झाला."

"मला शेंड्या लावू नकोस. परत आलंय असं वाटतंय ना तुला?"

"नाव घेऊ नकोस त्याचं."

"नाही घेत. पण सोमवारी रिक्षा घेऊन दारात येते. नाही निघालीस तर मांडवातल्या भोंग्यावरून नाव घेईन."

डॉक्टरीणबाईंनी आधी छाती तपासली, मग गळा, मग पसरलेली बोटं.

"गाठ लागत नाही हाताला. गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

"थायरॉइडची एकच. पहाटे, उपाशीपोटी. कधी चुकवली नाही."

"तिची ताकद कधी वाढवली होती?"

"गाठ काढल्यावरची ती दुसरी गोळी सुरू झाली तेव्हा."

"तेच. ती दुसरी असेपर्यंत थायरॉइडचं औषध रक्तात बांधलेलं राहायचं, म्हणून जास्त लागायचं. ती थांबली, पण ही कमी कुणी केलीच नाही. रक्त बघू, मग ठरवू."

दुसऱ्या दिवशी रक्तानंही तेच सांगितलं. गोळी लहान झाली. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त द्यायचं.

"म्हणजे ते परत आलं नाही?" क्रिसांतानं विचारलं.

"धडधडीचं आणि वाळण्याचं कारण सापडलं. त्याची वर्षाची तपासणी वेगळी. ती मे महिन्यात आहेच."

बाहेर पेट्रोनिला उठून उभी राहिली. "काय म्हणाल्या?"

"गोळी जास्त होत होती."

"बघ. उगाच जीव टांगून बसली होतीस."

"पण 'नाही' असं नाही म्हणाल्या, कुमारे."

पेट्रोनिला पुन्हा बाकावर बसली आणि क्रिसांतालाही शेजारी बसवून घेतलं.

"मे महिन्यातही मी येते," ती म्हणाली.